कारागृहातली २०२३ ची शिक्षा दाखवून फर्लो (बंद्याला मिळणारी संचित रजा) नाकारला. त्या शिक्षेलाच आता आव्हान देता येईल का?

पूर्वभाग_पीएलव्ही

प्रश्न एका सिद्धदोष बंद्याचा आहे. सोलापूर सत्र न्यायालयाची १० वर्षं सक्तमजुरी, सध्या जिल्ह्याबाहेरच्या एका मध्यवर्ती कारागृहात. १४ जून २०२३ ला बरॅकची झडती झाली. संडासामागच्या पाण्याच्या टाकीखाली एक मोबाइल सापडला, त्यात सिम नव्हतं. १९ जूनला बरॅकमधल्या पाच जणांना एकाच मजकुराचे आदेश मिळाले: ३० दिवसांची माफी (शिक्षेच्या मुदतीतली सूट) कपात, तीन महिने मुलाखत (नातेवाइकांची भेट) बंद, तीन महिने कॅन्टीन बंद. आदेशात कारागृह अधिनियम १८९४ ची कलम ४५(१२) आणि ४६(४) लिहिली आहेत. शिक्षा त्याच दिवशी सुरू झाली. सत्र न्यायाधीशांच्या अप्रेझलवर (कारागृहाच्या शिक्षेला त्यांनी तपासून द्यायच्या मान्यतेवर) तारीख आहे २१ ऑगस्ट २०२३.

आता संचित रजेचा अर्ज 'वर्तन समाधानकारक नाही, कारागृह शिक्षा झालेली आहे' एवढ्यावर नामंजूर झालाय.

बंदी सोलापूरच्या पूर्व भागातला आहे, शाळा तेलुगू माध्यमातली. मराठी बोलतो, वाचता येत नाही. त्याचा जबाब मराठीत आहे, खाली सही आहे.

विचारायचं असं: १) इतक्या उशिरा शिक्षेला आव्हान चालेल का, की फक्त फर्लोच्या नकारावर लढायचं? २) अर्ज कुठे करायचा, सोलापूर सत्र न्यायालयात की थेट उच्च न्यायालयात? ३) आधी कोणते कागद मिळवायचे? माझ्याकडे सध्या शिक्षेचा आदेश, फर्लोचा नकार आणि अप्रेझलच्या पत्राची एक अस्पष्ट झेरॉक्स एवढंच आहे.

---

फौजदारी_डेस्क

शिक्षेलाच आव्हान द्या. नुसत्या फर्लोच्या नकारावर गेलात तर कोर्ट म्हणेल की नोंद कायम आहे, अधीक्षकांनी ती विचारात घेतली यात चूक काय? फर्लो हा निरपवाद हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून जास्त वेळा सांगितलंय. मुळावर असलेली नोंद निघाली की नकाराला आधारच उरत नाही.

तुम्ही दिलेल्या तारखांमध्येच अर्धी याचिका आहे. सुनील बत्रा (दुसरा निकाल, २० डिसेंबर १९७९) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट निर्देश दिलेत: एकांत किंवा शिक्षेची कोठडी, जादा कष्ट, आहारात बदल, सवलती काढून घेणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या कारागृहात पाठवणं, यातलं काहीही सत्र न्यायाधीशांच्या अप्रेझलशिवाय करायचं नाही. तातडीमुळे आधी कळवणं अवघड असेल तर कारवाईनंतर दोन दिवसांच्या आत कळवायचं. तुमच्या प्रकरणात शिक्षा १९ जूनला सुरू आणि अप्रेझल २१ ऑगस्टला. मुलाखतबंदीच्या तीन महिन्यांतले दोन महिने संपून गेल्यावर न्यायाधीशांसमोर कागद गेला. तेव्हा त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तरी ते दोन महिने परत मिळाले नसते. अप्रेझल आधी हवं ते याचसाठी. याचिकेत हे तारखांच्या तक्त्यातच दिसू द्या, वर्णन कमी ठेवा.

दोन दिवसांची सवलत त्यांना लागू होते का, हे पाहायला कारागृहाचं पत्र सत्र न्यायालयात कोणत्या तारखेला पोचलं ते कळायला हवं. त्या पत्राचा जावक क्रमांक आणि न्यायालयाचा आवक शिक्का मिळवा. शिवाय झडती १४ ला आणि आदेश १९ ला झाला असेल तर मधल्या पाच दिवसांत पत्र पाठवायला काय अडचण होती, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

आता आदेशाकडे. कलम ४६ मध्ये कोणत्या शिक्षा देता येतात त्याची यादी आहे. कलम ४९ म्हणतं की न्यायालयाचा आदेश नसेल तर त्या यादीबाहेरची शिक्षा देता येणार नाही आणि दिलेली शिक्षाही त्याच पद्धतीने द्यावी लागेल. ४६(४) हे माफी पद्धतीखाली मिळणाऱ्या सवलती कापण्याबद्दल आहे. ३० दिवसांची माफी त्यात बसते. मुलाखत आणि कॅन्टीन त्यात कसं बसतं? राज्याच्या कोणत्या नियमाखाली ते काढून घेतलं, हे आदेशात लिहिलेलं नाही. ते दाखवून द्यायची जबाबदारी कारागृहाची.

आणि कलम ४७. एका गुन्ह्यासाठी ४६ मधल्या कोणत्याही दोन शिक्षा एकत्र देता येतात, त्यालाही अपवाद आहेत. इथे माफी, मुलाखत, कॅन्टीन अशा तीन आहेत. सरकारी वकील म्हणतील की हे सगळं 'सवलती काढणे' या एकाच सदरात येतं. तसं म्हटलं तर मग मुलाखत ही माफी पद्धतीतली सवलत कशी, हा वरचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. दोन्ही मुद्दे लागोपाठ मांडा, एकमेकांना धरून चालतात.

---

सिद्धेश्वर_पेठ

वर कायद्याचं आलंय, मी कागदांचं सांगतो. अशी प्रकरणं बहुतेक वेळा कागद अपुरे असल्यामुळेच पडतात.

सर्वात महत्त्वाचं पान शिक्षा नोंदवहीचं (पनिशमेंट बुक). कलम १२ प्रमाणे ती ठेवणं बंधनकारक आहे आणि कलम ५१ मध्ये तिच्यात काय काय लिहायचं ते दिलंय: बंद्याचं नाव, नोंदणी क्रमांक, तो सराईत आहे का, गुन्हा कोणता आणि कोणत्या तारखेचा, आधीचे कारागृह गुन्हे किती, शेवटचा कधी, शिक्षा कोणती, अंमल कधीपासून. गंभीर गुन्हा असेल तर तो सिद्ध करणाऱ्या साक्षीदारांची नावं लिहावी लागतात. प्रत्येक नोंदीसमोर तुरुंगाधिकारी आणि अधीक्षक दोघांच्याही आद्याक्षरी सह्या हव्यात.

ही नोंद हातात आली की डावीकडून उजवीकडे एकेक रकाना वाचा. साक्षीदारांच्या जागी नुसतं 'झडती पथक' लिहिलंय का? झडती घेणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव नसेल तर त्याला कोणी काही विचारलंच नाही असा अर्थ निघतो. अधीक्षकांच्या रकान्यात दुसऱ्याच कोणाची सही आहे का? कलम ४८(२) प्रमाणे अधीक्षकाच्या हाताखालच्या कोणत्याही अधिकाऱ्याला शिक्षा देण्याचा अधिकारच नाही. अधीक्षक रजेवर असताना 'करिता' म्हणून केलेली सही असेल, तर त्या दिवशीचा कार्यभार कोणाकडे होता त्याचा आदेश मागा.

दुसरा कागद हिस्ट्री तिकीट (बंद्याची कारागृहातली वैयक्तिक नोंदपत्रिका). त्यावरची नोंद आणि नोंदवहीतली नोंद तारखेसकट जुळते का ते पाहा. फर्लोच्या प्रस्तावातला नॉमिनल रोल (बंद्याच्या माहितीचा तक्ता) यावरूनच तयार होतो, त्यामुळे इथे '३० दिवस' च्या जागी '३ महिने' पडलं असेल तर ती चूक पुढे प्रत्येक प्रस्तावात जाते.

तिसरं, झडतीचा पंचनामा आणि जप्तीची नोंद. त्यात मोबाइलचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक आहे का? सिम नसलं तरी त्या आयएमईआयवर आधी कोणती सिम चालली हे कंपन्यांच्या नोंदीतून निघतं. पोलिसांत गुन्हा नोंदवला असेल तर तो तपास झाला का, कोणाच्या नातेवाइकांचे नंबर निघाले, हे विचारा. तुमच्या बंद्याच्या घरचा नंबर त्यात नसेल तर तो सरळ त्याच्या बाजूचा पुरावा आहे. आयएमईआय लिहिलाच नसेल, तर जो मोबाइल सापडला तोच पुढे दाखवला हे ते सिद्ध कशावरून करणार?

चौथं, पाचही जणांचे जबाब आणि आदेश. बाकीच्या चौघांच्या नकला त्यांच्या स्वतःच्या अर्जावर घ्या, परस्पर मागू नका. पाचही जबाबांत 'सदर मोबाइलबाबत मला काही सांगावयाचे नाही' हेच वाक्य एकाच हस्ताक्षरात असेल तर वेगळा युक्तिवाद लागत नाही. पाच कागद एकाखाली एक जोडा.

मागायचे कसे: बंद्याच्या सहीचा साधा अर्ज अधीक्षकांकडे, विषय 'माझ्या शिक्षेसंबंधीच्या कागदपत्रांच्या नकला मिळणेबाबत'. पोच घ्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्जही बंद्याच्याच नावाने करा. पीएलव्ही (विधी सेवेचा स्वयंसेवक) किंवा नातेवाइकाने केला तर त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. पंचनामा, नोंदवही, जबाब सगळं एका अर्जात कोंबलं की 'एकापेक्षा जास्त विषय' असा शेरा मारून परत येतो. 'दि. १९/०६/२०२३ च्या शिक्षेच्या आदेशाची संपूर्ण संचिका' असा एकच विषय लिहा.

---

काळा_कोट_सोलापूर

माहिती अधिकाराच्या ३० दिवसांची वाट पाहत बसू नका असं माझं मत. अप्रेझलची प्रत सत्र न्यायालयाच्या नक्कल विभागातून लवकर मिळते. फक्त लक्षात घ्या, ते सत्र न्यायालय कारागृह ज्या जिल्ह्यात आहे तिथलं, सोलापूरचं नव्हे. शिक्षा सोलापूरच्या कोर्टाने दिली म्हणून लोक इथेच अर्ज देतात आणि महिनाभराने 'या न्यायालयाशी संबंधित नाही' असं उत्तर येतं. कारागृहाच्या जावक क्रमांकाशिवाय तिथे ते पत्र सापडणं कठीण, कारण अप्रेझल बहुतेक वेळा नियमित खटल्यासारखं क्रमांकित नसतं, पत्रव्यवहाराच्या फाइलमध्ये असतं. तुमच्याकडच्या अस्पष्ट झेरॉक्सवर वरच्या कोपऱ्यात तो क्रमांक असेल, उजेडात धरून पाहा.

प्रत मिळाली की त्यात आदेश किती ओळींचा आहे ते पाहा. प्रस्तावाच्या खालीच 'मान्य' किंवा 'अप्रेझल मंजूर' असा शिक्का आणि सही असेल तर दुसरा मोठा मुद्दा मिळाला. अप्रेझल म्हणजे न्यायाधीशांनी स्वतः कागद पाहून विचार करणं. बंद्याचं म्हणणं त्यांच्यापुढे होतं का, जबाब जोडला होता का, पाच जणांत प्रत्येकाची भूमिका काय होती, यातलं काहीच दिसत नसेल तर तो औपचारिक ठसा झाला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: उच्च न्यायालय, अनुच्छेद २२६ खाली फौजदारी रिट. सोलापूरसह कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. पण आदेश देणारं कारागृह या सहांपैकी एका जिल्ह्यात आहे का ते आधी पाहा. पुणे जिल्ह्यातलं असेल तर मुंबई. बंद्याचं घर सोलापुरात आहे एवढ्यावरून बेंच ठरवू नका, कार्यालयीन हरकत निघून आठवडे जातात.

---

पूर्वभाग_पीएलव्ही

खूप आभार. झेरॉक्स पाहिली. जावक क्रमांक आहे, तारीख ११ जुलै २०२३. म्हणजे शिक्षा सुरू झाल्यावर २२ दिवसांनी पत्र निघालं. आणि प्रस्तावाखाली एका ओळीचा 'मान्य' आहे.

दोन गोष्टी अजून. उशीर कसा समजावायचा? आणि जबाबाच्या भाषेचा मुद्दा किती वजनाचा आहे? सही तर त्याचीच आहे, तो नाकारत नाही.

---

फौजदारी_डेस्क

११ जुलै असेल तर दोन दिवसांच्या सवलतीचा प्रश्नच संपला.

उशिराबद्दल: आदेशाची प्रत बंद्याला तेव्हा दिली होती का? पोच म्हणून त्याची सही कुठे आहे? प्रत आता फर्लोच्या नकारासोबत पहिल्यांदा हातात आली असेल तर तेच तारखेसकट लिहा. मुळात ज्या आदेशाने माफी कापली त्याचा परिणाम सुटकेच्या तारखेवर आजही आहे, प्रत्येक फर्लोच्या वेळी तो नव्याने येतो. शिक्षा भोगून संपलेली नाही. मात्र 'उशीर झाला नाही' असं लिहू नका. झाला आहे. तो का झाला, बंदी कोठडीत होता, वाचता येत नव्हतं, वकील नव्हता, हे एका परिच्छेदात सांगा. शपथपत्रात नेमकं तेवढंच असू द्या, कारण कारागृहाच्या उत्तरात विधी सहाय्य कक्षाच्या भेटींची नोंद निघाली तर 'वकील कधीच भेटला नाही' हे वाक्य अंगावर येईल.

भाषेचा मुद्दा वजनदार आहे, पण तो सहीच्या विरोधात उभा करू नका. सही त्याची आहे, मान्य. प्रश्न असा की त्याला आरोप काय आहे हे कळेल अशा भाषेत सांगितलं का आणि त्याचं उत्तर त्याच्या शब्दांत उतरलं का. जबाबाखाली 'वाचून दाखविले, बरोबर आहे' ही ओळ आहे का ते बघा. असेल तर कोणी वाचून दाखवलं? ते मराठीतच वाचलं असेल आणि तो बोलीमराठी समजतो, तर ते म्हणतील की त्याला समजलं. मग पुढचा प्रश्न विचारा: लेखी आरोप त्याच्या हातात दिला का, उत्तराला वेळ दिला का, साक्षीदाराला प्रश्न विचारू दिला का? संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांपैकी ४१ व्या नियमात आरोप समजेल अशा भाषेत, विलंब न लावता सांगणं आणि बचावाला पुरेसा वेळ देणं हे आहे. तो आपल्याकडे कायदा म्हणून थेट लागू होत नाही, आधार म्हणून वाचला जातो. खरा पाया नैसर्गिक न्याय आणि अनुच्छेद १४ व २१.

कोर्ट इथे अपील ऐकत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. मोबाइल कोणाचा होता हे उच्च न्यायालय ठरवणार नाही. ते पाहील की पद्धत पाळली का, निष्कर्षाला काही तरी पुरावा आहे का, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने आहे का. म्हणून '४५(१२) मध्ये बाळगणं हा गुन्हा आहे, सामायिक संडासामागे वस्तू सापडली म्हणजे पाचही जणांनी ती बाळगली असं होत नाही' हा मुद्दा पुराव्याच्या अभावाचा म्हणून मांडा, निर्दोष असल्याचा म्हणून नव्हे. त्या बरॅकमध्ये त्या रात्री एकूण किती बंदी होते? गणतीची नोंद असते. पंचवीस जण असतील आणि पाचच निवडले असतील तर निवड कशावरून केली, हे आदेशात असायला हवं.

एक जुना निकाल जोडता येईल: किशोर सिंह विरुद्ध राजस्थान राज्य, ए.आय.आर. १९८१. त्यात 'उद्धट वागणूक', 'विनाकारण फिरणे' असल्या मोघम कारणांवर कोठडी आणि बेड्या घातल्या होत्या, सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. तुमच्या फर्लो-नकाराच्या आदेशातला 'वर्तन समाधानकारक नाही' हा शब्दप्रयोगही तसाच मोघम आहे.

---

सिद्धेश्वर_पेठ

सीसीटीव्हीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. २०२३ चं चित्रण आता मिळणार नाही, ते ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. पण ते तेव्हा जपलं होतं का, हे विचाराच. 'चित्रण पाहिलं होतं का, पाहिलं असेल तर कोणी, त्याची टिपणी कुठे आहे' एवढाच प्रश्न. आणि पुढच्या वेळी हे वाचणाऱ्या कोणासाठीही: शिक्षेची कुणकुण लागली की पहिल्याच मुलाखतीत चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज बंद्याच्या सहीने द्या, त्यात बरॅक, तारीख आणि तासांची वेळ लिहा. नुसतं 'फुटेज जपावे' पुरत नाही.

ज्यांना लेखी आदेशच मिळत नाही त्यांच्यासाठीही थोडं. 'सुरक्षेसाठी' म्हणून वेगळ्या कोठडीत टाकतात आणि शिक्षा नोंदवहीत काहीच नसतं. तेव्हा कलम २९ चा उपयोग होतो. कोठडीत २४ तासांपेक्षा जास्त ठेवलेल्या बंद्याला, शिक्षा म्हणून असो वा अन्य कारणाने, वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्याच्या सहायकाने दिवसातून एकदा तरी भेटलं पाहिजे. ती भेट वैद्यकीय नोंदीत असते. आदेश नसला तरी त्या नोंदीवरून कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो कोठडीत होता हे निघतं.

---

काळा_कोट_सोलापूर

आता याचिकेची बांधणी. प्रतिवादी: महाराष्ट्र शासन (गृह विभाग), अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक कारागृह, पुणे, संबंधित विभागाचे उपमहानिरीक्षक आणि कारागृह अधीक्षक. फर्लो उपमहानिरीक्षकांनी नाकारला असेल तर त्यावर महानिरीक्षकांकडे अपील आहे. ते आजच टाका, पोच ठेवा. नाहीतर 'पर्यायी उपाय वापरला नाही' हे पहिल्या तारखेलाच ऐकावं लागेल. नकाराच्या आदेशात अपिलाची मुदत लिहिली असेल तर ती मोजा.

मागण्या वेगवेगळ्या लिहा: १९ जून २०२३ चा आदेश आणि २१ ऑगस्टचं अप्रेझल रद्द करणं, ३० दिवसांची माफी परत देऊन सुटकेची तारीख नव्याने काढणं, हिस्ट्री तिकीट आणि शिक्षा नोंदवहीत तशी नोंद घेणं, फर्लोचा अर्ज ही शिक्षा विचारात न घेता ठरावीक आठवड्यांत निकाली काढणं. तिसरी मागणी लोक विसरतात. आदेश रद्द होतो पण तिकिटावर लाल शाईची नोंद तशीच राहते आणि पुढच्या नॉमिनल रोलमध्ये पुन्हा उतरते.

फेरचौकशीसाठी प्रकरण परत पाठवण्याची शक्यता मोठी आहे. त्याला विरोध लेखीच करा: चित्रण नाही, सहबंद्यांपैकी जे सुटले ते मिळणार नाहीत, मोबाइल आता कुठे आहे ठाऊक नाही, मग नवी चौकशी कशाची? तरीही पाठवलंच तर मधल्या काळात शिक्षा अस्तित्वात नाही असं आदेशात लिहून घ्या, म्हणजे फर्लो अडणार नाही.

आणि एक काळजीचं: फर्लोच्या नकारात पोलीस अहवाल प्रतिकूल असा दुसरा आधार आहे का, ते संपूर्ण आदेश वाचून पाहा. असेल तर त्यावर वेगळा परिच्छेद लागेल. शिक्षा रद्द झाली तरी त्या आधारावर नकार टिकू शकतो.

वकीलपत्रावर बंद्याची सही कारागृहातच होते आणि खाली तुरुंगाधिकाऱ्यांची सही-शिक्का लागतो. शपथपत्राचंही तसंच. त्याच फेरीत दोन्ही करून घ्या. सही करण्याआधी मजकूर त्याला तेलुगूत समजावून सांगा आणि ज्याने समजावला त्याचं नाव खाली लिहा. मराठीतल्या जबाबावर आपण हरकत घेणार आणि आपलंच शपथपत्र न समजता सही केलेलं, असं व्हायला नको. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडायचं असतं, त्याचे आठ-दहा दिवस धरा.

---

पूर्वभाग_पीएलव्ही

नकारात पोलीस अहवालाचा उल्लेख नाही, फक्त शिक्षा. जबाबाखाली 'वाचून दाखविले' आहे, कोणी ते नाही. महानिरीक्षकांकडचं अपील आजच टपालाने जाईल, नकलांचा अर्ज पुढच्या भेटीत.

वकिलाचा खर्च या घराला शक्य नाही. आई विडी वळते. यासाठी मोफत वकील सोलापूरच्या विधी सेवा प्राधिकरणातून मागायचा की उच्च न्यायालयाच्या समितीकडून?

---

फौजदारी_डेस्क

उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून, कारण रिट तिथे चालणार. कोठडीत असलेल्याला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोणी मागितला तर कलम दाखवा, तहसीलच्या चकरा मारू नका. अर्ज कारागृहातल्या विधी सहाय्य कक्षातून किंवा सोलापूर प्राधिकरणामार्फत पुढे पाठवता येतो, सोलापूरचा मार्ग तुम्हाला जवळचा. अर्जासोबत तारखांचा एक पानी तक्ता लावा: १४ जून झडती, १९ जून आदेश व अंमल, ११ जुलै पत्र, २१ ऑगस्ट अप्रेझल, १८ सप्टेंबर मुलाखतबंदी संपली. नेमलेला वकील फाइल उघडेल तेव्हा पहिलं पान हेच असू द्या.